पहिली गाडी, वय बावीस: जुन्या गाडीला फुल इन्शुरन्स घ्यावा की नुसता थर्ड पार्टी?

हिशेबी

वीस-पंचविशीतली मुलं-मुली पहिली गाडी घेतात ती बहुतेक वेळा सहा-सात वर्षं वापरलेली हॅचबॅक. विम्याचा विषय निघाला की घरचे, मित्र, एजंट सगळे एकच सांगतात: नवशिका आहेस, फुल इन्शुरन्स घे, म्हणजे आपल्या गाडीचं नुकसानही भरून मिळेल. माझं मत नेमकं उलट आहे. अशा गाडीला थर्ड पार्टी (आपल्या गाडीमुळे दुसऱ्याचं झालेलं नुकसान भरणारा सक्तीचा विमा) आणि मालक-चालकाचा १५ लाखांचा अपघात विमा, एवढंच घ्यावं. आकड्यांनिशी सांगतो, खोडायचं असेल तर आकड्यांनीच खोडा.

आधी एक गैरसमज दूर करू. तरुण आहे म्हणून आपल्याकडे थर्ड पार्टी महाग होत नाही. तो दर सरकार ठरवतं आणि तो इंजिनच्या सीसीवर चालतो. जून २०२२ पासूनचे दर असे: १००० सीसीपर्यंत २,०९४ रुपये, १५०० पर्यंत ३,४१६, त्यापुढे ७,८९७. बाविशीतला आणि बासष्टीतला दोघांना तेवढेच. वय आड येतं ते दुसऱ्या बाजूने. पहिल्या गाडीवर नो क्लेम बोनस (एनसीबी), म्हणजे क्लेम न घेतल्याबद्दल मिळणारी सूट, शून्य असतो, त्यामुळे ओन डॅमेजचा (ओडीचा), म्हणजे आपल्याच गाडीच्या नुकसानीच्या भागाचा, पूर्ण प्रीमियम भरावा लागतो.

आता उदाहरण घेऊ. पुण्यात पासिंग झालेली, सात वर्षांची, ११९७ सीसी पेट्रोल गाडी. आयडीव्ही, म्हणजे विम्यासाठी धरलेली गाडीची किंमत, ३ लाख. जुन्या टॅरिफचे, म्हणजे पूर्वी सगळ्या कंपन्यांना बंधनकारक असलेल्या तक्त्याचे, दर अजूनही बऱ्याच कंपन्यांच्या कोटेशनमागे असतात. त्या हिशेबाने ३.४४७ टक्के, म्हणजे ओडी १०,३४१ रुपये. कंपनीने ६० टक्के सूट दिली असं धरा, तर उरतात ४,१३६. त्यावर १८ टक्के जीएसटी लावला की ४,८८१. थर्ड पार्टी जीएसटीसकट ४,०३१. म्हणजे 'फुल' करायला वर्षाला ४,८८१ रुपये जादा.

त्या बदल्यात मिळतं काय? नवशिक्याच्या हातून काय होतं ते बघा: पार्किंगमध्ये खांबाला बंपर घासतो. बंपर रंगवायचे ३,००० आणि मजुरी १,२०० धरू. रंगाच्या बिलातले २५ टक्के साहित्याचे मानतात आणि त्याचा अर्धा भाग घसारा म्हणून कापतात, म्हणजे ३७५ गेले. शिवाय कम्पल्सरी डिडक्टिबल, म्हणजे प्रत्येक क्लेममध्ये स्वतः सोसायची सक्तीची रक्कम, १,००० रुपये. हातात पडतात २,८२५. आणि क्लेम घेतला म्हणून पुढच्या वर्षीचा २० टक्के बोनस हुकला, त्यानंतरची प्रत्येक पायरी एक वर्ष मागे गेली. २०, २५, ३५, ४५, ५० अशी ती शिडी आहे. फरकाची बेरीज केली तर २० + ५ + १० + १० + ५, म्हणजे ओडी प्रीमियमच्या ५० टक्के. प्रीमियम तेवढाच राहिला असं धरलं तर जीएसटीसह २,४४० रुपये. २,८२५ मिळाले, २,४४० गेले. यासाठी वर्षाला पाच हजार भरायचे?

चौथा_गिअर

हिशेबात चूक नाही, उदाहरणात आहे. बंपर घासला तर कुणीही क्लेम करू नये, विमा त्यासाठी नसतोच. समोरून ठोकर बसल्याचं बिल घ्या: बंपर ६,०००, हेडलॅम्प ८,०००, पत्र्याचा फेंडर ३,०००, रंगकाम ९,०००, मजुरी ४,०००. एकूण ३०,०००.

घसारा तुमच्याच नियमाने लावतो. प्लॅस्टिक आणि रबराला ५० टक्के, म्हणजे बंपरचे ३,००० आणि हेडलॅम्पचे ४,००० मिळाले. पाच ते दहा वर्षांच्या गाडीत पत्र्याला ४० टक्के कापतात, फेंडरचे १,८०० मिळाले. रंगाचे ७,८७५. मजुरीला घसारा नाही, पूर्ण ४,०००. बेरीज २०,६७५, वजा १,००० डिडक्टिबल, कंपनी देते १९,६७५. चार वर्षांचा ओडी प्रीमियम एका ठोकरीत वसूल. काचेला तर घसारा शून्य असतो, पुढची काच फुटली तर नुसता डिडक्टिबल खिशातून जातो.

आणि हीसुद्धा मधलीच घटना झाली. गाडी चोरीला गेली, पावसात गुलमोहर अंगावर पडला, शॉर्ट सर्किटने पेटली, पुरात बुडाली, तर थर्ड पार्टीत एक रुपया मिळत नाही. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांवर गेला की टोटल लॉस धरून आयडीव्ही मिळतो. २२ वर्षांच्या मुलाकडे दुसरी गाडी घ्यायला ३ लाख पडून नसतात. प्रश्न सरासरीचा नाही, एका फटक्यात किती सोसता येईल याचा आहे. ज्याच्याकडे साठा नाही त्यालाच ओडीची गरज जास्त, आणि तरुण मालक बहुतेक त्यातच मोडतो.

गाडीवर कर्ज असेल तर हा वाद उरतच नाही. आरसीवर बँकेचं नाव चढलं की करारानुसार बँक फुल पॉलिसी मागते.

सातबारा

दोघंही एक सोपा मार्ग विसरताय. गाडी वडिलांच्या नावावर घ्या. वडिलांनी आपली जुनी गाडी विकली असेल तर त्यांचा बोनस त्यांच्याकडेच राहतो, कारण एनसीबी गाडीचा नसतो, माणसाचा असतो. विकताना कंपनीकडून एनसीबी रिझर्व्हेशन लेटर घ्यायचं, ते ३ वर्षं चालतं. ५० टक्के असेल तर हिशेबींच्या उदाहरणातला ४,१३६ चा ओडी २,०६८ वर येतो. आपल्या पॉलिसीत ड्रायव्हर क्लॉज उघडा आहे: ज्याच्याकडे वैध लायसन्स आहे तो कुणीही चालवू शकतो. मुलाचं नाव पॉलिसीत असावं लागत नाही. मग फुल की थर्ड पार्टी हा वादच संपतो, अर्ध्या पैशात फुल मिळतं.

कलम१४७

सातबारा यांच्या सूचनेत बेकायदेशीर काही नाही, पण तिची किंमत पूर्ण सांगितलेली नाही.

पहिली गोष्ट. १५ लाखांचा जो सक्तीचा वैयक्तिक अपघात विमा आहे तो 'ओनर-ड्रायव्हर'चा. आरसीवर ज्याचं नाव, पॉलिसीवर ज्याचं नाव आणि वैध लायसन्स ज्याचं, तो एकच माणूस असला पाहिजे. वडिलांच्या नावावरची गाडी मुलगा चालवत असताना त्याच्याच चुकीने दुभाजकावर आदळला आणि दगावला, तर तो विमा लागू होत नाही. थर्ड पार्टीतूनही मिळत नाही: मालकाकडून गाडी घेऊन चालवणारा मालकाच्याच जागी उभा असतो, तो 'तिसरा पक्ष' नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा २००९ चा निकाल आहे. सर्वांत जास्त धोका ज्याला, नेमका तोच उघड्यावर. प्रवाशांसाठीचं वैयक्तिक अपघात कव्हर पॉलिसीत जोडता येतं, पण त्याची मर्यादा माणशी २ लाख. म्हणून वडिलांच्या नावावर गाडी घ्यायचीच असेल तर मुलासाठी स्वतंत्र वैयक्तिक अपघात पॉलिसी त्याच दिवशी घ्या.

दुसरी गोष्ट. मुलगा पाच वर्षं बिनक्लेम गाडी चालवेल, बोनस मात्र वडिलांच्या खात्यावर राहील. तो हयातीत मुलाला देता येत नाही. विमाधारकाचा मृत्यू झाला आणि गाडी पती, पत्नी, मुलं किंवा आईवडील यांच्या ताब्यात गेली, तरच बोनस त्यांच्याकडे जातो. सत्ताविसाव्या वर्षी स्वतःच्या नावावर गाडी घेताना मुलगा पुन्हा शून्यावर.

तिसरी गोष्ट ज्यांची मुलं अजून अठराची व्हायची आहेत त्यांच्यासाठी. अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर मोटार वाहन कायद्याच्या १९९अ कलमाखाली पालक किंवा मालकाला ३ वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड होतो, शिवाय गाडीची नोंदणी १२ महिन्यांसाठी रद्द. यातलं काहीही विमा उचलत नाही.

चौथा_गिअर

कलम१४७ यांच्या मुद्द्याला एक आकडा जोडतो, कारण 'बाबांचा ५० टक्के बोनस' ऐकायला गोड लागतो.

नवशिका शून्यावर असताना क्लेम झाला तर पुढच्या वर्षांत मिळून ५० टक्के ओडीचं नुकसान, हे हिशेबींनी दाखवलंच. तोच क्लेम ५० टक्के बोनस असलेल्या पॉलिसीवर झाला तर? बोनस थेट शून्यावर येतो आणि पुन्हा पहिल्या पायरीपासून चढायचं. वर्षावर्षाचा फरक ५०, ३०, २५, १५, ५. बेरीज १२५ टक्के. आपल्याच उदाहरणात जीएसटीसह ६,१०१ रुपये. म्हणजे चुका होण्याची शक्यता ज्याची सर्वांत जास्त, त्याच्या हाती सर्वांत महागडा बोनस द्यायचा. शून्य बोनसवाल्याला क्लेम सर्वांत स्वस्त पडतो. पहिली दोन वर्षं मुलाने स्वतःच्या नावावर, स्वतःच्या शून्यावर काढावीत, असं मी याच कारणासाठी म्हणतो.

एनसीबी प्रोटेक्ट नावाचं ॲड-ऑन (जादा पैसे भरून पॉलिसीला जोडायचं कव्हर) मिळतं, एका-दोन क्लेमनंतरही बोनस टिकवतं. वडिलांचा बोनस वापरायचाच असेल तर ते घ्या. पण ते घेतल्यावर सातबारांची 'अर्ध्या पैशात' ही बेरीज जराशी सरकते.

सातबारा

१२५ टक्क्यांचा हिशेब मान्य, तो डोक्यात नव्हता. पण एका घरात एकच गाडी असते आणि ती तिघं चालवतात, हीच बहुतेक ठिकाणची परिस्थिती. तिथे वेगळ्या नावाचा प्रश्नच येत नाही. तिथे प्रोटेक्ट घेऊन वडिलांच्याच नावावर ठेवावी आणि मुलाला अपघात पॉलिसी वेगळी, यावर मी ठाम आहे.

घाटमाथा

फुल की थर्ड पार्टी हे ठरण्याआधी कोटेशन कसं वाचायचं ते ठरवा. तरुण ग्राहकांचे पैसे इथे जातात.

तुलना करणाऱ्या साइटवर सर्वांत स्वस्त कोटेशन आधी दिसतं, आणि बऱ्याचदा ते स्वस्त असतं कारण त्यात आयडीव्ही खाली ओढलेला असतो. एक कंपनी ३ लाखांवर दाखवते, दुसरी २,५५,००० वर. दुसरीत काही शे रुपये वाचतात आणि गाडी चोरीला गेली तर ४५,००० कमी मिळतात. पाच वर्षांपर्यंत आयडीव्हीचा तक्ता ठरलेला आहे: सहा महिन्यांपर्यंत ५ टक्के घट, वर्षापर्यंत १५, मग २०, ३०, ४०, ५०. पाच वर्षांपुढे तो कंपनी आणि ग्राहकाने आपसात ठरवायचा असतो, आणि बहुतेकांना तो बदलता येतो हेच माहीत नसतं. आधी सगळीकडे एकच आयडीव्ही टाका, मग आकडे शेजारी ठेवा.

व्हॉलंटरी डिडक्टिबल वाढवा, प्रीमियम कमी होईल, हा सल्ला जिथे तिथे मिळतो. टॅरिफचा तक्ता बघा. २,५०० रुपये स्वतः सोसायची तयारी दाखवली तर २० टक्के सूट, पण जास्तीत जास्त ७५० रुपये. १५,००० सोसायची तयारी दाखवली तर ३५ टक्के, पण कमाल २,५००. वर्षाला अडीच हजार वाचवायला प्रत्येक क्लेममध्ये पंधरा हजार अंगावर घ्यायचे. सहा वर्षं एकही क्लेम झाला नाही तर बरोबरी होते. वीस वर्षं गाडी चालवणाऱ्याने घ्यावा असा तो सौदा आहे, नवशिक्याने नव्हे. कंपनीच्या कोटेशनमध्ये आकडे वेगळे असू शकतात, पण कमाल मर्यादा किती आहे ते विचारल्याशिवाय तो डबा टिक करू नका.

गावाकडच्या आरटीओत पासिंग केलं की विमा स्वस्त, हेही तपासून बघा. पुणे, मुंबई झोन ए मध्ये, बाकी महाराष्ट्र झोन बी मध्ये. वरच्याच गाडीला ३.४४७ ऐवजी ३.३५१ टक्के दर. ६० टक्के सुटीनंतर जीएसटीसह फरक वर्षाला १३६ रुपये.

थर्ड पार्टीत दुसऱ्याच्या मालमत्तेच्या नुकसानीची मर्यादा ७.५ लाख असते. ती ६,००० वर आणली तर १०० रुपये सूट मिळते. शंभर रुपयांसाठी हे करू नका. सिग्नलला पुढे उभी असलेली गाडी नेहमी हॅचबॅकच असेल असं नाही.

हिशेबी

डिडक्टिबलबद्दल घाटमाथांशी पूर्ण सहमत. चोरी आणि आगीचा मुद्दाही मान्य करतो. पण मग त्यावर तोडगा फुल पॉलिसी हाच कशाला? थर्ड पार्टीला फक्त आग आणि चोरीचं कव्हर जोडता येतं. ऑनलाइन पर्यायांत ते सहसा दिसत नाही, शाखेत जाऊन मागावं लागतं. ज्याला एका फटक्याची भीती आहे त्याने ते घ्यावं. राहिली ठोकर. ३०,००० च्या बिलात १०,३२५ तरीही खिशातून जातातच, आणि जुन्या गाडीचं हेडलॅम्प-बंपर बाहेरच्या गॅरेजमध्ये वापरलेल्या स्थितीत निम्म्या किमतीत मिळतं. ज्याला ते चालतं त्याचं बिल मुळातच ३०,००० होत नाही.

चौथा_गिअर

आग-चोरीत झाड पडणं आणि पूर येत नाही. महाराष्ट्रात जून ते सप्टेंबर हेच दोन मोठे धोके आहेत.

कृष्णाकाठ

पुराचं निघालं म्हणून लिहितो. सांगली-कोल्हापूर २०१९, चिपळूण २०२१, मुंबई तर २६ जुलै २००५ पासून सगळ्यांना पाठ आहे. फुल पॉलिसीत पूर येतो, पण इंजिनचा प्रश्न वेगळा आहे आणि तिथेच क्लेम अडकतात.

पाणी एअर इनटेकमधून सिलिंडरमध्ये गेलं की पिस्टनला ते दाबता येत नाही, कारण पाणी हवेसारखं दबत नाही. त्या अवस्थेत किल्ली फिरवली की कनेक्टिंग रॉड वाकतो. कधी ब्लॉकच फुटतो. यालाच हायड्रोस्टॅटिक लॉक म्हणतात. कंपनीचं म्हणणं असं की गाडीत पाणी शिरलं हे पुराचं नुकसान, इंजिन मोडलं ते चालकाने स्टार्ट केल्यामुळे, म्हणून ते परिणामी नुकसान, ते पॉलिसीबाहेर. इंजिन प्रोटेक्ट ॲड-ऑन यासाठीच असतं.

नव्या चालकाने इतकं लक्षात ठेवावं: पाण्यात गाडी बंद पडली की पुन्हा किल्ली फिरवायची नाही. एकदाही नाही. गिअर न्यूट्रलला टाका, ढकलून उंचावर घ्या, बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा, पाण्याची पातळी दिसेल असे फोटो काढा, आणि टो करूनच वर्कशॉपला न्या. ॲड-ऑन असलं तरी पुन्हा स्टार्ट केल्याचं नुकसान तपासणाऱ्या सर्व्हेअरला दिसलं तर वाद होतोच.

ज्यांचं पार्किंग नदीकाठी, बेसमेंटमध्ये किंवा सखल रस्त्यावर आहे त्यांनी इंजिन प्रोटेक्ट घ्यावंच असं माझं मत.

बालाघाट

आणि लातूर, सोलापूरकडच्यांनी काय करायचं? एजंट सगळ्यांना एकच पॅकेज लावतो: झिरो डेप (घसारा न कापता भरपाई), इंजिन, कन्झ्युमेबल्स (ऑइल, नट-बोल्ट वगैरे), टायर, किल्ली, रोडसाइड. नव्या गाडीला पहिली पाच वर्षं झिरो डेप घ्या, ते पैसे वसूल होतात. वर्षात किती क्लेमना चालतं ते पॉलिसीत वाचा, बऱ्याच ठिकाणी दोनच. सात वर्षांच्या गाडीला अनेक कंपन्या झिरो डेप देतच नाहीत. उरलेली ॲड-ऑन आपल्या गावाचा पाऊस आणि रस्ता बघून. आमच्याकडे इंजिन प्रोटेक्टपेक्षा टो करून नेणाऱ्या रोडसाइडचा उपयोग जास्त, कारण अधिकृत वर्कशॉप साठ-सत्तर किलोमीटरवर असतं. त्यातही टोइंग किती किलोमीटरपर्यंत फुकट ते बघा.

थेम्सकाठी

ब्रिटनमध्ये शिकायला येणाऱ्या मराठी मुलांसाठी एक इशारा, कारण सातबारांची युक्ती ते इथे वापरायला जातात. वडील किंवा मामा मुख्य चालक दाखवायचे, आणि रोज गाडी चालवायची भाच्याने. याला इथे 'फ्रंटिंग' म्हणतात आणि हा विम्याचा घोटाळा आहे. पॉलिसी रद्द होते, पुढे प्रत्येक कंपनी 'आधी पॉलिसी रद्द झाली होती का' विचारते, आणि प्रीमियम अनेक वर्षं चढा राहतो.

इथे वयाला खरोखर किंमत मोजावी लागते. त्यामुळे कमी करायचे रस्तेही वेगळे: विमा कंपन्या कमी जोखमीची मानतात अशी गाडी, वेग आणि ब्रेकिंग मोजणारी ब्लॅक बॉक्स पॉलिसी, आणि खरोखर अधूनमधून चालवणारा अनुभवी माणूस दुसरा चालक म्हणून जोडणं. तेवढं कायदेशीर आहे. नुसता थर्ड पार्टी इथे स्वस्त असेल असं मानू नका. जोखमीचे चालक तोच घेतात म्हणून कधीकधी तो कॉम्प्रिहेन्सिव्हपेक्षा, म्हणजे फुलपेक्षा, महाग निघतो, दोन्ही कोटेशन काढा. भारतीय लायसन्सवर इथे १२ महिने चालवता येतं, पण त्या काळात कोटेशन जड येतात. इथलं लायसन्स काढलं तर पहिल्या दोन वर्षांत ६ पेनल्टी पॉइंट झाले की ते रद्द होतं.

रविवारचा_चालक

कुणीच किलोमीटरचं बोललं नाही. कॉलेजला बसने, ऑफिसला लोकलने आणि गाडी फक्त शनिवार-रविवार, असे कितीतरी तरुण मालक आहेत. विमा नियामक आयआरडीएआयने जुलै २०२२ मध्ये 'पे ॲज यू ड्राइव्ह' ॲड-ऑनला परवानगी दिली. वर्षाला किती किलोमीटर ते आधी सांगायचं, तेवढाच ओडी भरायचा. हिशेबी आणि चौथा_गिअर यांच्या भांडणाचं उत्तर अनेकांसाठी इथेच आहे.

घाटमाथा

उत्तर आहे, पण एक गोम आहे. घेतलेला किलोमीटरचा स्लॅब संपला की थर्ड पार्टी चालू राहतो, ओडीचं काय होतं ते प्रत्येक कंपनीत वेगळं. कुठे टॉप-अप विकत घेईपर्यंत ओडी थांबतो, कुठे क्लेममधून ठरावीक टक्के कापतात. गणपतीत कोकणात एक फेरी आणि दिवाळीत एक, एवढ्यानेच दीड-दोन हजार किलोमीटर होतात. ते धरून वरचा स्लॅब घ्या. पॉलिसी सुरू होताना ओडोमीटरचा फोटो स्वतःकडेही ठेवा.

कलम१४७

सेकंडहँड घेणाऱ्यांसाठी राहिलेलं सांगतो, कारण हा सगळा वाद जुन्या गाडीवरच चालू आहे.

गाडी विकत घेतली की आधीच्या मालकाचा थर्ड पार्टी विमा कायद्याने आपोआप नव्या मालकाकडे येतो. ओडी येत नाही. १४ दिवसांत कंपनीकडे अर्ज करून पॉलिसी आपल्या नावावर करावी लागते. मालकी बदलाच्या फॉर्म २९, ३० ची प्रत आणि जुनी पॉलिसी लागते. या मधल्या काळात गाडी ठोकली आणि पॉलिसी जुन्याच नावावर असली, तर कंपनी म्हणते की विमाधारकाचा आता गाडीशी संबंध नाही आणि मालकाचा आमच्याशी करार नाही. क्लेम जातो. 'पॉलिसी अजून आठ महिने आहे' हे विकणाऱ्याचं वाक्य या अर्थाने अपुरं आहे.

नावावर करताना आधीच्या मालकाचा बोनस निघून जातो आणि उरलेल्या मुदतीचा फरक भरावा लागतो. तो वाचवायला दुसऱ्याचा बोनस आपला म्हणून दाखवणं हा सर्वांत महागडा उद्योग आहे. कंपन्या एकमेकींकडून खात्री करून घेतात, आणि खोटं निघालं तर ओडीचे सगळे लाभ जप्त होतात.

किल्ल्या दोन्ही मागून घ्या. चोरीच्या क्लेममध्ये एफआयआर आणि पोलिसांचा 'तपास लागत नाही' हा अहवाल, यांच्याबरोबर कंपनी गाडीच्या सगळ्या मूळ किल्ल्या मागते. एकच असेल तर दुसरी कुठे, या प्रश्नावर फाइल महिनोन्‌महिने अडते.

बाहेरून सीएनजी किट बसवलं असेल तर ते आरसीवर आणि पॉलिसीवर दोन्हीकडे चढवा. ५०,००० च्या किटला ओडीत ४ टक्के, म्हणजे २,००० रुपये, आणि थर्ड पार्टीत ६० रुपये. एवढे वाचवले आणि गाडी पेटली तर कंपनीचा पहिला प्रश्न किटचाच असतो. लर्निंग लायसन्सवर चालवत असाल तर पुढे-मागे 'एल' आणि शेजारी पक्कं लायसन्स असलेला माणूस हवाच, नाहीतर ड्रायव्हर क्लॉज मोडतो.

हिशेबी

या सगळ्यानंतर माझी भूमिका थोडी सरकवतो, सोडत नाही. गाडी रात्री रस्त्यावर किंवा झाडाखाली उभी राहते, किंवा पुराच्या पट्ट्यात आहे, किंवा खात्यात गाडीच्या निम्म्या किमतीएवढे पैसे नाहीत: फुल घ्या, आयडीव्ही पूर्ण ठेवा, व्हॉलंटरी डिडक्टिबल शून्य. बंद पार्किंग आहे, आयडीव्ही दीड लाखाच्या आत आहे आणि बाहेरच्या गॅरेजचं काम चालतं: थर्ड पार्टी, आग-चोरी आणि १५ लाखांचा अपघात विमा.

चौथा_गिअर

दीड लाखाची मर्यादा मला मान्य आहे, दहा वर्षांच्या पुढच्या गाड्या त्यातच येतात. फक्त तुमच्या पहिल्या उदाहरणातली ३ लाखांची गाडी आता तुमच्याच नियमाने फुलमध्ये गेली, हे नोंदवून ठेवतो.

एक व्यवहाराची गोष्ट. आज थर्ड पार्टी घेतला आणि सहा महिन्यांनी ओडी घ्यावासा वाटला तर इन्स्पेक्शन लागतं. ॲपवर व्हिडिओ मागतात: उजेडात, चारही बाजू, पुढची काच, ओडोमीटर, चॅसी नंबर. त्या वेळी जे पोचे दिसतील ते लिहून घेतात आणि पुढच्या क्लेममधून वजा करतात. म्हणून ठरवायचं असेल तर पहिला पोचा पडायच्या आधी ठरवा. आणि पॉलिसी संपायच्या आधीच रिन्यू करा, संपल्यावर ९० दिवस गेले की साठवलेला बोनसही जातो.

हिशेबी

पहिलं उदाहरण मागे घेतो. आयडीव्ही १,४०,००० आणि वय अकरा वर्षं धरून पुन्हा आकडे मांडतो, झोन ए चा दर तिथे ३.५२९ टक्के. ओडी ४,९४१, ६० टक्के सुटीनंतर १,९७६, जीएसटीसह २,३३२ रुपये. पत्र्याचा घसारा तिथे ५० टक्के. तुमचंच ३०,००० चं बिल घेतलं तर फेंडरचे १,५०० मिळतील, बाकी तेच, हातात १९,३७५. आता यावर बोला.